पेंढ्यातली पिल्लं

नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात भांडायचं नाही, नाहीतर वर्षभर भांडत बसावं लागतं, असं स्तामेना आजी दर वर्षी बजावते. सर्बियातल्या डोंगरावरचं लुचिचांचं घर वर्षभर भांडतच असतं, तेव्हा तिचं म्हणणं खोटं म्हणायची सोय नाही. या वर्षी निमित्त झालं ते पिकअपचं.

रास्त्को आणि त्याचे वडील ओब्राद अंगणात उभे होते. सकाळी रानातून तोडून आणलेली ओकची फांदी भिंतीला टेकवून ठेवली होती. दिवेलागणी झाल्याशिवाय ती घरात न्यायची नसते. ओब्राद पेंढ्याचा भारा बांधत होता. सत्तरीचा माणूस, पण रास्पबेरीची झुडपं अजून स्वतः छाटतो, आणि मुलाने छाटलेली नंतर येऊन परत छाटतो. त्याच्याशी बोलायचं तर असं, त्याचे हात गुंतलेले असताना, असा रास्त्कोने हिशोब केला होता. रास्त्कोचे हिशोब सहसा चुकतात.

"शुक्रवारी मला पिकअप लागेल," तो म्हणाला.

"शुक्रवारी मी खांब आणायला जाणार आहे."

"खांब सोमवारी आणले तर?"

"गाडी सोमवारी नेलीस तर?"

रास्त्कोला खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही, हा त्याचा आळस आहे. एक खोटं बोललं की पुढची चार जुळवावी लागतात, आणि तेवढी मेहनत त्याच्याने होत नाही. त्याने सांगून टाकलं. मुलाला, रेल्याला, बेलग्रेडला न्यायचं आहे. तिथली एक डॉक्टरीण फक्त लहान मुलं बघते, न बोलणारी, हाकेला न वळणारी. कुणीतरी ऐनवेळी नाव मागे घेतलं म्हणून शुक्रवारची वेळ मिळाली, ही गेली तर पुढची उन्हाळा संपल्यावर. त्याच्या बायकोने, नेवेनाने, फोन करकरून मिळवली आहे.

"त्याचे कान तपासून झालेत," ओब्राद म्हणाला. "शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला तरी ऐकू येतं त्याला."

"कानांचं नाही. ऑटिझम असेल असं नेवेनाला वाटतंय."

ओब्रादने भाऱ्याची गाठ अशी आवळली की दोरीच तुटली. तुटलेली दोरी खिशात घालून तो दुसरी शोधायला लागला. पोर अडीच वर्षांचं आहे, मुलगे उशिरा बोलतात, हे जगाला माहीत आहे, असं तो बोलत राहिला. "तू कधी बोललास? तिसरं लागल्यावर तोंड उघडलंस, आणि पहिला शब्द काढलास तो ट्रॅक्टर. आता बोलतोयस बघ, नको तेवढं."

हा ट्रॅक्टर रास्त्कोने आयुष्यभर ऐकला होता, आणि गेलं वर्षभर तो स्वतःच स्वतःला सांगत होता.

"हे तिच्या डोक्यात भरवलं कुणी?" ओब्रादने विचारलं. "बसल्या बसल्या सुचलं, की आपल्यातलंच कुणी?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत रास्त्कोची बहीण दुन्या लसूण सोलत उभी होती. रास्त्कोने तिकडे बघायचं टाळलं, आणि ते इतकं ठरवून टाळलं की ओब्रादला कळायचं ते कळलं.

*

आत नेवेनाला अंगणातले शब्द ऐकू येत नव्हते, आवाज तेवढा येत होता. एवढ्यावरून तिने ओळखलं की नवऱ्याने सांगून टाकलं. जेवण झाल्यावर, सगळ्यांच्या पोटात थोडी राकिया, घरची फळांची दारू, गेल्यावर सांगायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

नेवेना नोवी सादची, सपाट मुलखातली. या डोंगरावर येऊन तिला पाच वर्षं झाली, तरी दुकानात अजून तिची ओळख शहरातली सून अशीच करून देतात. रेल्या बोलत नाही याला गावाकडे कारणं भरपूर होती आणि त्यातली बहुतेक तिच्यापाशी येऊन थांबत होती. ती वाचत बसते, पोराशी बोलत नाही. पोराच्या हातात फोन दिला. पोटात असताना रोज कॉफी प्यायली. एक म्हातारी तर म्हणाली की नदीकाठच्या लोकांची जीभच जड. नेवेना चिडायची, पण खरं सांगायचं तर ही कारणं तिला आतून हवीच होती. फोनमुळे असेल तर फोन काढून घेता येतो. तिने काढून घेतला. कॉफीचं आता काही करता येत नव्हतं. प्रत्येक कारणाने तिचे एकदोन महिने खाल्ले, आणि ते महिने आता तिला झोपू देत नव्हते.

रेल्या कोठीत होता. रास्पबेरीच्या मोठ्या फ्रीजरला गाल लावून तो उभा राहायचा. फ्रीजरची घरघर थांबली की त्याच सुरात स्वतः गुणगुणायचा, पुन्हा सुरू झाली की गप्प. टीव्हीवरच्या बातम्यांची धून तर तो एक सूर न चुकता म्हणायचा. ओब्राद दुकानात सांगत फिरायचा की नातू अकॉर्डियन वाजवणार, घराण्यात आजवर कुणाला जमलं नाही ते करणार.

"बाहेर कळलं वाटतं," नेवेना हळूच म्हणाली.

दुन्या म्हणाली, कळू दे, आज ना उद्या कळणारच होतं, आणि आपण आहोत पाठीशी. दुन्या उझित्सेला बालवाडीत शिकवते. शरदात रेल्याला दोन दिवस बघून गेल्यावर तिनेच फोन केला होता. तो बोलत नाही हे सोड, पण तो मला काही दाखवत नाही, असं ती म्हणाली होती. विमान गेलं तर पोरं बोट दाखवतात, मग आपल्या तोंडाकडे बघतात, तुम्हीही बघितलंत ना म्हणून. रेल्या विमान बघतो आणि एकटाच बघतो. त्या फोननंतर नेवेना अंघोळीला जाऊन नळ सोडून रडली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून बेलग्रेडला फोन लावायला लागली होती.

ओब्राद आत आला तो बुटांसकट. त्याची बायको स्तामेना चुलीपाशी होती. तिने बुटांकडे बघितलं आणि काही बोलली नाही. त्यावरून प्रकरण साधं नाही हे सगळ्यांना समजलं.

"दुन्या," तो म्हणाला, "तुझ्या हाताखालून इतकी पोरं जातात. तू सांग. आपलं पोर वेडं आहे?"

दुन्याच्या हातात लसणीची पाकळी होती. ती सोलून झाली होती, तरी ती सोलत राहिली. नेवेना तिच्याकडे बघत होती.

"वेडं कोण म्हणतंय, बाबा," दुन्या म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "सगळी मुलं सारखी नसतात. थोडी वाट बघायला काही हरकत नसावी."

नेवेनाने मान फिरवली. चाळिशीला आलेली बाई, स्वतःच्या वर्गात वाघीण, आणि बापापुढे उभी राहिली की पुन्हा गुण लपवणारी शाळकरी पोर होते. नेवेनाला तिचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण या घरात तिच्या बाजूने उभं राहणारं दुसरं कुणी तिला दिसत नव्हतं.

"अंधार पडतोय," स्तामेना म्हणाली. "फांदी आत आणा. भांडण उद्याही मिळेल."

*

घरधनी फांदी आणि पेंढा घेऊन दारात येतो, शुभ संध्याकाळ म्हणतो, घरची बाई त्याच्या अंगावर गहू टाकते. मग तो घरभर पेंढा पसरत फिरतो आणि कोंबडीसारखा क्वो, क्वो करतो. घरातली मुलं रांगत त्याच्या मागून जातात, पिऊ, पिऊ करत. जितकी पिल्लं तितकी घरात बरकत. ओब्राद लुचिचला सहकारी संस्थेतले लोक वचकून असतात, पण वर्षातून एकदा तो कोंबडी होतो आणि मनापासून होतो. वाकतो, दोन्ही कोपर हलवतो, मिशांतून क्वो, क्वो करतो. रास्त्को लहान असताना त्याला बापाची हीच एक संध्याकाळ आवडायची.

या वर्षी पिल्लं दोन होती. एक दुन्याची तारा, सहा वर्षांची. ती पहिल्या क्वोलाच गुडघ्यांवर उतरली आणि घर डोक्यावर घेतलं. दुसरा रेल्या. ताराने त्याचा हात धरून त्याला कोठीतून आणलं, पेंढ्यात बसवलं, आणि तिने जिथे बसवलं तिथेच तो बसून राहिला. एक काडी उचलली आणि डोळ्याच्या कोपऱ्यापाशी धरून बोटांत फिरवायला लागला.

"मामा, हा येत नाही."

"ओढ त्याला."

"ओढलं की ताठ होतो."

ओब्राद टेबलाला वळसा घालून परत आला. "रेल्या," त्याने हाक मारली. मग जरा वाकून पुन्हा मारली. काडी फिरत राहिली. ओब्राद क्षणभर तिथे घुटमळला आणि क्वो, क्वो करत पुढे गेला.

हे बघवेना म्हणून रास्त्को स्वतः गुडघ्यांवर आला. मुलाला पाठीवर घेतलं, त्याचे हात आपल्या गळ्यात अडकवले आणि बापाच्या मागून रांगायला लागला, पिऊ, पिऊ करत. सगळे हसले. दुन्याने टाळ्या वाजवल्या. "बघा, आला की नाही रेल्या," असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या वळशाला रास्त्कोचे गुडघे दुखायला लागले आणि तेव्हा त्याच्या मनात आलं, की आला कोण? पिऊ कोण करतंय? मुलगा पाठीवर काडी फिरवतोय. त्याच्या वाटचं बोलतोय मी, त्याच्या वाटचं खेळते तारा, आणि वर सगळे मिळून म्हणतात, बघा, किती छान मिसळतो. हा विचार त्याला पेलला नाही. त्याने आवाज चढवला आणि आणखी जोरात पिऊ, पिऊ केलं.

स्तामेनाने चार कोपऱ्यांत अक्रोड टाकले, आणि सगळे पेंढ्यावर चादर पसरून जेवायला बसले.

*

उपासाचं, म्हणजे मांस-दुधाशिवायचं जेवण होतं, भट्टीतले घेवडे, मासे, लोणच्याचा कोबी, मध आणि अक्रोड. मेणबत्ती लावून ओब्रादने प्रार्थना म्हटली. सगळे प्रार्थनेला उठून उभे होते आणि घर शांत होतं. ओब्राद शेवटचा शब्द म्हणतोय तेवढ्यात कोठीच्या दारातून स्वच्छ आवाज आला.

"पिऊ, पिऊ."

नेवेनाला आधी वाटलं, तारा. पण तारा तिच्या शेजारीच हात जोडून उभी होती. कोठीच्या दारापाशी रेल्या होता. "पिऊ, पिऊ," तो पुन्हा म्हणाला, अगदी ताराच्या सुरात, तिच्यासारखाच शेवटी आवाज चढवून.

मग काय झालं ते नीट सांगणं कठीण आहे, कारण सगळंच एकदम झालं. दुन्या रडायला लागली. रास्त्कोने मुलाला उचलून छताला लावलं. ओब्रादने तीन वेळा छातीवर क्रॉसची खूण केली, खुर्चीवर बसला, उठला, भावाला फोन लावला, भाऊ व्हिएन्नाला असतो, आणि म्हणाला, "बोलला. हो, आत्ता. आधी पिल्लासारखा, मग माणसासारखा बोलेल." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते तो पुसतही नव्हता. ताराने खिशातल्या सगळ्या गोळ्या रेल्यापुढे ओतल्या. रेल्या तिकडे बघत नव्हता. तो रास्त्कोच्या हातातून घसरून खाली आला आणि परत कोठीच्या दारापाशी गेला. पिऊ, पिऊ, तो म्हणत राहिला, आणि दर वेळी सगळे नव्याने हसले.

"नाताळच्या रात्री जनावरंसुद्धा बोलतात म्हणतात," ओब्राद म्हणाला. "आणि तुम्ही निघालात बेलग्रेडला."

दुन्या डोळे पुसत नेवेनाच्या शेजारी सरकली. बघ, वेळच हवा होता, असं ती म्हणाली. तिने बालवाडीत अशी मुलं बघितली आहेत, एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. शुक्रवारची वेळ सोडून द्यावी, कुणा खऱ्या गरजवंताला तरी मिळेल. ती हे मनापासून म्हणत होती. आपण शरदात जे बघितलं ते चुकीचं निघावं, असं तिला अडीच महिने वाटत होतं, आणि आता तशी परवानगी मिळाल्यासारखं झालं होतं.

रास्त्कोने फोन काढला. निरोप पाठवून देतो, म्हणाला. नेवेनाकडे बघितलं.

नेवेनाला माहीत होतं की हा शब्द नाही. मुलगा फ्रीजरचा सूर लावतो, बातम्यांची धून लावतो, तसा आज ताराचा सूर लावतोय. हे तिला माहीत होतं आणि तरी तिच्या आत काहीतरी सैल पडत चाललं होतं. गेल्या कितीतरी महिन्यांत घरात एवढा आनंद झाला नव्हता. सासरा रडत होता. नवरा हसत होता. आपण एकटीने इथे उभं राहून नाही म्हणायचं, आणि शेवटी तेच बरोबर निघाले तर? कदाचित बोलेलही. कदाचित आजपासूनच.

"उद्या पाठव," ती म्हणाली. आवाजात जोर नव्हता, आणि रास्त्को लिहायला लागला.

*

एकटी स्तामेना हसली नव्हती. ती आपल्या जागेवरून रेल्याला बघत होती, आणि तो काय म्हणतोय ते तिला ऐकायची गरज नव्हती. तो कोठीच्या दारापाशी उभा होता म्हणजे त्याला सुके आलुबुखार हवे होते, साखरपाण्यात शिजवलेले. ते काचेच्या बरणीत फडताळावर असतात. रोज या वेळेला ती त्याला देते. तो मागत नाही. मागायची वेळच ती येऊ देत नाही. तहान लागायच्या आत पाणी, थंडी वाजायच्या आत मोजे. म्हणून तर घरात तो कधी रडत नाही, म्हणून तर तो गुणी.

गेल्या उन्हाळ्यात पित्ताशयाच्या खड्यांसाठी ती इस्पितळात होती. आठवडाभर रेल्या बिस्किटांवर राहिला. आजीवर किती माया पोराची, असं सगळे म्हणाले. ती घरी आली तेव्हा त्याने तिच्या तोंडाकडे बघितलंही नाही, सरळ तिचं मनगट धरलं आणि ओढत बरणीपाशी नेलं. त्या दिवशी स्तामेनाला जे कळलं ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

आणि आता तो पहिल्यांदा तोंडाने काहीतरी मागत होता, आणि सगळं घर टाळ्या वाजवत होतं, आणि त्याला काय हवंय हे कुणी बघत नव्हतं. माझ्यानंतर हे असंच चालणार, स्तामेनाच्या मनात आलं. तो ओरडेल आणि हे टाळ्या वाजवतील.

"रास्त्को, फोन खाली ठेव," ती म्हणाली. "आणि आता कुणी उठायचं नाही."

तिने बरणी फडताळावरून काढली, पेंढ्यावर चादरीच्या कडेला ठेवली आणि शेजारी बसली. हात मांडीवर ठेवले. रेल्या लगेच आला. तिचं मनगट धरलं, तिचा पंजा बरणीच्या झाकणावर ठेवला. स्तामेनाने बोटं हलवली नाहीत. त्याने पुन्हा उचलून ठेवला, जरा दाबून. तो झाकणाकडे बघत होता. तिच्याकडे नाही.

"आई, देऊन टाक ना," दुन्या म्हणाली आणि उठायला लागली.

"बस खाली."

"आजी, त्याला आलुबुखार हवेत," तारा म्हणाली.

"तुला कळतं, कारण तू त्याच्या मागे फिरतेस. या मोठ्यांना कळू दे." मग ती रेल्याला म्हणाली, "रेल्या, माझ्याकडे बघ. आजीकडे बघ, राजा. काय हवं? बोटाने दाखव."

पिऊ, पिऊ, तो म्हणाला. ताराच्याच सुरात, शेवटी चढवून. आणखी एकदा. मग त्याने तिचा हात झाकणावर आपटला, मग आणखी जोरात, आणि त्याचा चेहरा फाटल्यासारखा झाला. तो रडायला लागला आणि रडतानाही तेच म्हणत होता, पिऊ, पिऊ, कारण त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. तो फडताळावर डोकं आपटायला लागला. आता कुणीही हसत नव्हतं. स्तामेनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात तिने मांडीवरच धरून ठेवले होते.

नेवेनाला ते सहन झालं नाही. तिने पुढे होऊन बरणी उघडली. रेल्याने एक आलुबुखार काढला आणि शांतपणे खायला लागला, कुणाकडेही न बघता, जसा रोज खातो तसा.

"हे मी इतके महिने तुम्हाला दिसू दिलं नाही," स्तामेना म्हणाली. "गावच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. बोटाने दाखवतो का? नेवेनाने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, दाखवतो. हाकेला वळतो? वळतो. मुलांत खेळतो? खेळतो की. त्या बिचारीने काय करायचं? तिने लिहून घेतलं आणि घरी पाठवलं."

"का, आई?" रास्त्कोने विचारलं.

ती ओब्रादकडे बघून बोलली, कारण त्यालाच ते समजणार होतं. तिच्या माहेरी, त्यांच्या आळीत पेर्सा नावाची बाई होती. तिच्या मुलाला असंच काहीतरी नाव लागलं, आणि एक दिवस सरकारी संस्थेची गाडी आली. शिकवायला नेतो म्हणाले. पेर्सा दर रविवारी काहीतरी भाजून घेऊन बसने जायची. पुढे जायची बंद झाली, आणि मग मुलाचं नावही कुणी काढेना, जसा काही तो झालाच नव्हता. "मला याला नाव लागू द्यायचं नव्हतं," स्तामेना म्हणाली. "नाव लागलं की नेतात."

"आता नेत नाहीत, आई," नेवेना म्हणाली. "घरीच राहतो. आठवड्यातून काही वेळा जायचं, तिथे त्याला शिकवतात आणि आपल्याला पण शिकवतात. जितकं लवकर तितकं चांगलं. मी विचारून घेतलंय."

"घरीच?"

"घरीच."

स्तामेनाने सुनेचा हात धरला. एवढ्या वर्षांत दोघींनी असा हात धरला नव्हता, आणि दोघींनाही तो सोडावा कसा ते कळेना. दुन्या मान खाली घालून बसली होती. मीच सांगितलं होतं नेवेनाला, शरदात, असं ती शेवटी म्हणाली, आणि बापाकडे न बघता म्हणाली तरी म्हणाली.

ओब्रादच्या पुढ्यातला मासा तसाच गार झाला होता. आता हा उठेल, दार आपटेल आणि गोठ्यात जाईल, असं सगळ्यांना वाटत होतं. रास्त्कोने तर शुक्रवारसाठी मित्राची गाडी मागायचं मनात ठरवूनही टाकलं.

"मी दारात आलो की तारा धावत येते," ओब्राद म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "शेजारची पोरं येतात. कुत्रा येतो. हा येत नाही. मला वाटलं, माझा आवाज मोठा आहे, घाबरत असेल. म्हणून उन्हाळ्यापासून मी त्याच्याशी हळू बोलतो. तुमच्या कुणाच्या लक्षात नाही आलं. तरी बघत नाही. मग मला वाटलं, लहान मुलांना माणूस कळतो म्हणतात. माझ्यात काहीतरी बघितलं असेल त्याने, ज्याचा त्याला राग येतो." त्याने चादरीवरची एक काडी उचलली आणि परत ठेवली. "म्हणजे तसं नाही का? त्याला माझा राग नाही?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरून ते मागितलं होतं, आणि या घरात प्रत्येकाला हवं ते उत्तर आजवर मिळतच आलं होतं. नेवेना त्याच्याकडे बघत राहिली.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "मला वाटतं, नाही. पण मला माहीत नाही. म्हणूनच जायचंय."

ओब्रादने मान हलवली.

"ते विचारशील तेव्हा," तो म्हणाला, "मला आत बसू देतील का?"